माहेरी जाताना कार्ड विसरू नका

मागच्या उन्हाळ्यातील गोष्ट. दुपारचा एक वाजून गेला होता. दवाखान्याचे शटर अर्धे ओढून मी घरी निघण्याच्या बेतात होतो, तेवढ्यात मायलेकी आल्या. मुलगी पहिलटकरीण, आठवा महिना सरत आलेला. सासर कन्नड तालुक्यातले, माहेर इथे मुकुंदवाडीत. डोहाळजेवण आटोपून दहा दिवसांपूर्वी ती माहेरी आली होती.

"काही नाही हो डॉक्टरसाहेब, पित्त झालंय. डोकं जड जड म्हणते. एखादी गोळी द्या," आई म्हणाली.

मी विचारले, "कार्ड आणलंय का?"

"कार्ड तिकडंच राहिलं बघा, सासरी. गडबडीत निघालो."

रक्तदाब घेतला. १३४/८६. आता हा आकडा असा आहे की घाईतला डॉक्टर त्याच्याकडे पाहून मान हलवतो आणि पुढच्या पेशंटला बोलावतो. १४०/९० च्या पुढे गेला तर तो वाढलेला रक्तदाब, असे आम्ही पुस्तकात शिकलो. म्हणजे हिचा त्या रेघेच्या आतच होता. पण मी मुलीला म्हटले, नवऱ्याला फोन लाव आणि कार्डाचे फोटो पाठवायला सांग. नवरा शेतात होता. अर्ध्या तासाने फोटो आले. चौथ्या महिन्यात रक्तदाब १००/६४. सहाव्यात १०८/७०. त्यानंतरची नोंद नाही. वजन मात्र माहेरी आल्यापासून चांगलेच वाढलेले, आणि बोटातली अंगठी निघत नव्हती. ती म्हणाली, "आईच्या हातचं खाऊन अंगावर आलंय."

लघवी तपासली, त्यात प्रथिने होती. चार तासांनी पुन्हा बोलावले, तेव्हा रक्तदाब १४६/९६. त्याच संध्याकाळी तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवले. पुढे तीन आठवडे औषधे, तपासण्या आणि भरपूर काळजी. सदतीस आठवडे पूर्ण झाल्यावर प्रसूती झाली. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. त्या दिवशी तिला वाचवण्यात माझ्या हुशारीचा वाटा थोडा होता. मोठा वाटा चौथ्या महिन्यात एका उपकेंद्रातील नर्सबाईंनी निळ्या शाईने नीट लिहून ठेवलेल्या त्या "१००/६४" चा होता.

मी कार्डाबद्दल एवढा आग्रही का, हे सांगायचे तर मला १९९८ सालात जावे लागेल. घाटीतून एम.बी.बी.एस. होऊन मी नुकताच दवाखाना टाकला होता. सोमवारचा दिवस, बाहेर चाळीसेक माणसे, तापाची साथ. फुलंब्रीकडच्या एका खेड्यातून एक बाई आली होती. सात महिन्यांची गरोदर, डोके दुखते म्हणून. मी तिला डोकेदुखीच्या गोळ्या लिहून दिल्या. उन्हातून आलीस, पाणी पी, आराम कर, असे सांगितले. रक्तदाबाचे यंत्र माझ्या टेबलावर, तिच्यापासून हातभर अंतरावर होते. मी ते उचलले नाही.

त्या रात्री तिला झटके आले. घरच्यांना वाटले बाहेरची बाधा झाली. त्यात दोन तास गेले. मग जीप मिळाली, शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात नेले. बाई वाचली. बाळ पोटातच गेले होते. आठ दिवसांनी तिचा नवरा माझ्याकडे आला. भांडायला नाही, नुसते विचारायला: "साहेब, गोळी उलटली का?" गोळी उलटली नव्हती. मी रक्तदाब पाहिला नव्हता. हे मी त्याला सांगितले. तो बराच वेळ बसून राहिला आणि निघून गेला. त्यानंतर आजतागायत माझ्या दवाखान्यातून एकही गरोदर बाई, सर्दीसाठी आलेली का असेना, रक्तदाब न घेता बाहेर गेलेली नाही.

या आजाराचा वाईट गुण असा की तो मुकाट्याने येतो. साधारण पाचव्या महिन्यानंतर रक्तदाब चढू लागतो, लघवीतून प्रथिने जातात, आणि बाईला सुरुवातीला काहीच जाणवत नाही. जाणवू लागते तेव्हा डोके ठणकते, डोळ्यांपुढे काजवे किंवा अंधारी येते, वरच्या पोटात, बरगडीखाली दुखते, तोंड आणि हात सुजतात. आपल्याकडे या चारही गोष्टींना घरात तयार उत्तरे असतात. डोके दुखते ते उन्हाने, अंधारी येते ती अशक्तपणाने, वरचे पोट दुखते ते पित्ताने, आणि सूज म्हणजे तर बाई भरली, मुलगा होणार! उत्तरे तयार असल्यामुळे प्रश्न कोणी विचारत नाही. पायावर संध्याकाळी थोडी सूज येणे बहुतेक गरोदर बायकांत दिसते, त्याने घाबरू नये. पण सकाळी उठल्यावर तोंड सुजलेले दिसले तर तो दिवस दवाखान्याचा. पहिल्या खेपेला असा त्रास झाला असेल तर दुसऱ्या खेपेला दिवस राहिल्याबरोबर डॉक्टरांना तसे सांगावे. तिसरा महिना संपल्यावर ॲस्पिरिनची छोटी मात्रा रोज सुरू केली तर धोका कमी होतो. अर्थात ती डॉक्टरांनीच ठरवायची, शेजारणीने नव्हे.

आता मुळातला घोटाळा पाहू. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली पद्धत चांगली आहे. आईच्या घरी पोरीला चार दिवस विसावा मिळतो, मनातले बोलता येते. पण वैद्यकीय दृष्टीने पाहिले तर नऊपैकी सात महिने एका गावात तपासणी आणि उरलेले दोन, म्हणजे नेमके धोक्याचे, दुसऱ्या गावात. इकडच्या डॉक्टरांना तिकडचे काही माहीत नाही. सोनोग्राफीचा रिपोर्ट गादीखाली, रक्ताचा रिपोर्ट नवऱ्याच्या खिशात, कार्ड सासूबाईंच्या कपाटात, आणि पोरगी एस.टी.त. रक्तगट निगेटिव्ह असेल तर साधारण सातव्या महिन्यात एक इंजेक्शन द्यावे लागते आणि बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाला तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा. हे पहिल्या बाळासाठी नसते, पुढच्या बाळासाठी असते. निगेटिव्ह असल्याचे कार्डावर लाल शाईने लिहिलेले असते आणि ते बाईलाच ठाऊक नसते, असे मी कितीदा तरी पाहिले आहे. तेव्हा ओटीत नारळ जातो तसे पिशवीत कार्ड गेले पाहिजे. शिवाय त्याच्या प्रत्येक पानाचा फोटो नवऱ्याच्या आणि आईच्या, दोघांच्याही मोबाईलमध्ये असू द्यावा. माहेरी पोहोचल्यावर आठवडाभरात तिथल्या आशाताईंकडे नाव सांगावे आणि जिथे बाळंतपण करायचे तिथे एकदा तपासून घ्यावे. कळा सुरू झाल्यावर पहिली ओळख नको.

दुसरा मोठा विषय रक्ताचा. आपल्याकडच्या बायका याला 'रक्त कमी आहे' किंवा रक्तपांढरी म्हणतात. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक, म्हणजे ५२ टक्के गरोदर बायकांत रक्त कमी आढळले. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या वर हवे. सातच्या खाली गेले तर दवाखान्यात दाखल होण्यासारखी परिस्थिती. बाळंतपणात थोडाफार रक्तस्राव सगळ्यांनाच होतो. ज्या बाईच्या अंगात रक्त आहे ती तो सोसते. जिच्या अंगात नाही तिला तेवढ्यानेच धाप लागते, चक्कर येते, आणि जास्त झाला तर वेळ हातात राहत नाही.

या रोगाच्या इतिहासात आपल्या मुंबईचा एक मोठा वाटा आहे, तो फार थोड्यांना ठाऊक असतो. १९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईला आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणात एक विशिष्ट प्रकारची रक्तपांढरी होत असे आणि त्यात अनेक दगावत. विल्सबाईंनी या बायका काय खातात ते पाहिले आणि शेवटी यीस्टपासून बनवलेल्या 'मार्माइट' नावाच्या स्वस्त, काळ्या, चिकट पदार्थाने ही रक्तपांढरी बरी होते असे १९३१ साली जगाला दाखवून दिले. त्या पदार्थात नेमके काय होते हे पुढे उलगडले. १९४१ साली पालकाच्या पानांतून एक घटक वेगळा काढण्यात आला, तेच फॉलिक ॲसिड. आज उपकेंद्रात फुकट मिळणाऱ्या त्या गोळीत लोहाबरोबर जे फॉलिक ॲसिड असते, त्याचा माग मुंबईच्या गिरणगावापर्यंत जातो. आणि ती गोळी आपण काय करतो? उकिरड्यावर टाकतो.

का टाकतो, हे मी बायकांना मोकळेपणाने विचारतो. उत्तरे ठरलेली असतात. मळमळते, शौचाला काळे होते, पोट बांधते, आणि सर्वात मोठे कारण म्हणजे "गोळीनं बाळ काळं होतं, मोठं होतं, मग सिझर करावं लागतं". शौचाला काळे होणे ही गोळी पोटात गेल्याची खूण आहे, त्यात अपाय काही नाही. बाळाच्या रंगाशी तिचा संबंध नाही. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर तास दोन तासांनी, झोपायच्या आधी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. चहाबरोबर कधीही नाही. चहा लोह अडवतो, आणि आपल्याकडे भाकरीमागे चहा घेण्याची खोड भारी. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी, दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह नीट शोषले जात नाही. चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतरही तेवढेच दिवस, हा सरकारी नियम आहे आणि तो योग्य आहे. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर डॉक्टर दोन गोळ्या सांगतात. चौथा महिना लागल्यावर जंताची एक गोळीही देतात, तीही घ्यावी. अनवाणी शेतात जाणाऱ्या बाईच्या आतड्यातले जंत रक्त पितात, त्यांच्या पोटी लोह घालण्यात अर्थ नाही.

खाण्याच्या बाबतीत मला पुण्याजवळच्या सहा खेड्यांची गोष्ट सांगावीशी वाटते. १९९३ साली के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या खेड्यांतील सुमारे आठशे बायकांचा गरोदरपणात अभ्यास सुरू केला. या बायका आपल्यासारख्याच शेतकरी घरातल्या. दिवस राहण्यापूर्वी सरासरी वजन ४२ किलो, उंची १५२ सेंटिमीटर. पूर्ण दिवसांच्या बाळांचे सरासरी वजन भरले सुमारे २.७ किलो. मजेची गोष्ट अशी, की बाईने एकूण किती खाल्ले याचा बाळाच्या वजनाशी फारसा मेळ लागला नाही. मेळ लागला तो पालेभाजी, फळे आणि दूध यांच्याशी. ज्यांच्या ताटात या तीन गोष्टी वारंवार येत, त्यांची बाळे थोडी मोठी निघाली. दुसरी गोष्ट म्हणजे पाणी भरणे, धुणी धुणे, शेतातली मेहनत ज्यांच्या वाट्याला अधिक होती, त्यांची बाळे लहान होती. आणि तिसरी, जवळपास दोन तृतीयांश बायकांत बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होते. ते दूध, दही, अंडी, मांस, मासे यांतून मिळते, भाजीभाकरीतून मिळत नाही. माळकरी घरातल्या बायकांनी दूध-दह्याकडे नीट लक्ष द्यावे आणि डॉक्टरांना बी-१२ बद्दल विचारावे.

हे वाचून कोणी बाजारातून डबाबंद पावडर आणायला धावू नये. सहाशे सातशे रुपयांच्या डब्यापेक्षा आपल्या शहागंजच्या मंडईत त्याच पैशात महिनाभराचा माल येतो. मेथी, शेवग्याचा पाला, तांदुळजा, चुका, करडईची कोवळी भाजी, हरभऱ्याची भाजी. मोड आलेली मटकी, हुलगे. बाजरीच्या भाकरीबरोबर तिळाची किंवा कारळाची चटणी. गूळ-शेंगदाणे. रोज एक अंडे, घरात चालत असेल तर. दूध घरचे असेल तर ते सगळे डेअरीला घालू नये, पावशेर अर्धा शेर घरातल्या गरोदर सुनेसाठी मागे ठेवावे. पैठण-जालन्याकडची मोसंबी आपल्या दारात आहे, पेरू आहे, लिंबू आहे. आंबट फळ जेवणाबरोबर खाल्ले तर भाजीतले लोह अंगी लागते. पिकलेली पपई, केळी यांना उगीच बदनाम केले आहे. कच्ची, चिकाची पपई तेवढी टाळावी.

'कमी खा, म्हणजे बाळ लहान होईल आणि सुखाने सुटशील' हा सल्ला मी आजही ऐकतो. सल्ला देणाऱ्या आजीबाईंचा हेतू वाईट नसतो. त्यांच्या काळी अडलेल्या बाईला वाचवायला जवळपास काही नव्हते, म्हणून लहान बाळ बरे वाटे. आज दोन किलोचे बाळ म्हणजे काचेच्या पेटीत ठेवायची चिंता. बाईच्या वजनात नऊ महिन्यांत साधारण १० ते १२ किलो वाढ व्हावी. मुळात काटक, हडकुळ्या बाईची अधिक झाली तरी हरकत नाही. आधीच स्थूल असेल तर कमी चालेल.

उपवासाचे म्हणाल, तर नवरात्राचे नऊ दिवस साबुदाणा आणि चहावर काढणाऱ्या गरोदर सुनेला सासूबाईंनीच थांबवावे. सुनेने नाही म्हटले तर घरात वाद होतो, सासूबाईंनी म्हटले तर होत नाही. माझ्याकडे मुसलमान कुटुंबेही बरीच येतात. रमजानमध्ये गरोदर बाईला रोजे पुढे ढकलण्याची मुभा त्यांच्या धर्मातच आहे. उन्हाळ्यातील रमजानात मी ही आठवण आवर्जून करून देतो, आणि घरातली वडीलधारी माणसे बहुधा लगेच मान्य करतात.

मिश्रीविषयी दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. बायका माझ्यासमोर तंबाखू खात नाही म्हणतात, आणि ते खरे असते. पण मिश्री लावता का विचारले की पदर तोंडाशी जातो. भाजलेली तंबाखू हिरड्यांना लावणे आणि तंबाखू खाणे यात बाळाच्या दृष्टीने फरक नाही. बाळ वजनाने लहान राहते, वेळेआधी जन्मण्याचा संभव वाढतो. एकदम सुटत नसेल तर आधी दिवसातून चारची दोन वेळा, मग एक करावी. पण दिवस राहिल्याचे कळले त्या दिवसापासून सुरुवात करावी.

साखरेची तपासणी आता प्रत्येक गरोदर बाईची करतात, पहिल्या भेटीला आणि पुन्हा सहाव्या-सातव्या महिन्यात. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी रक्त घेतात. १४० किंवा अधिक आले तर पथ्य, चालणे आणि गरज पडल्यास औषध. "आमच्या घरात कोणाला शुगर नाही" म्हणून ती टाळू नये. गरोदरपणात ती पहिल्यांदाच डोके वर काढते. धनुर्वात-घटसर्पाची दोन इंजेक्शने महिन्याच्या अंतराने घ्यावीत. सोनोग्राफी बाळाचे व्यंग आणि वाढ पाहण्यासाठी असते. 'काय आहे' हे विचारू नये, १९९४ च्या कायद्याने विचारणारा आणि सांगणारा दोघेही गुन्हेगार ठरतात.

आधाराबद्दल लिहायचे तर आधी नवऱ्यांबद्दल लिहिले पाहिजे. पूर्वी बाई आत तपासणीला आणि नवरा बाहेर पानटपरीवर, हा शिरस्ता होता. "बायकांच्या कामात माझं काय?" मी त्यांना आत बोलावतो, खुर्ची देतो आणि कार्ड त्यांच्या हातात देतो. वाळूज, रांजणगाव, बजाजनगर भागात शेकडो तरुण जोडपी एका खोलीत राहतात. नवरा कंपनीत, तिन्ही पाळ्यांत काम. गावाकडचे कोणी नाही. सासूचा जाच नाही, तशी सासूची सोबतही नाही. अशी एक मुलगी माझ्याकडे दर चार दिवसांनी काही ना काही तक्रार घेऊन येई. कधी छातीत धडधड, कधी झोप नाही. तपासणीत काही सापडेना. शेवटी एकदा विचारले, "दिवसभर बोलतेस कोणाशी?" ती रडू लागली. कोणाशीच नाही. नवरा रात्रपाळी करून आला की झोपे. मी नवऱ्याला बोलावून घेतले. त्याने पाळी बदलून घेतली, मालकीणबाईंना सांगून ठेवले, आणि संध्याकाळी दोघे चालायला जाऊ लागली. तिची धडधड औषधाशिवाय गेली. सगळ्यांची जाते असे नाही. सतत रडू येणे, काही गोड न वाटणे, जीव नकोसा होणे असे दोन आठवड्यांहून अधिक चालले तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. जीव द्यावासा वाटत असेल तर मात्र एक दिवसही थांबू नये. १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून सरकारी टेलिमानस सेवा आहे, मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत.

घरच्यांनी करायच्या गोष्टी मोठ्या नाहीत. हंडे, कळशा दुसऱ्याने उचलाव्यात. आपल्या शहराने पाण्यासाठी किती वर्षे वणवण केली हे मी वेगळे सांगायला नको. टँकर आला की गरोदर बाईच पुढे, हे दृश्य मी डोळ्यांनी पाहिले आहे. दुपारी दोन तास डाव्या कुशीवर पडू द्यावे. ताटात तिचे आधी वाढावे, उरलेले नव्हे. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत तर सहा-सात महिन्यांची बाई मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढते. उचल फेडायची असते, कोयता बंद ठेवता येत नाही. त्यांना 'आराम करा' म्हणणे मला अवघड जाते. निदान जाण्यापूर्वी तपासणी, गोळ्यांचा पूर्ण साठा आणि कार्ड बरोबर असावे, आणि कारखान्याच्या गावी पोहोचताच तिथल्या आशाताईंना गाठावे, एवढे मी सांगतो. मोळ्या उचलायचे काम तरी टोळीतल्या पुरुषांनी करावे.

आशाताईंना काही जण कमी लेखतात, "दहावी शिकलेली बाई काय सांगणार?" त्यांना मी जामखेडची आठवण देतो. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली तिथे काम सुरू केले आणि खेड्यातल्या, बऱ्याचशा निरक्षर बायकांना गरोदर बाई तपासायला शिकवले. आशा योजना आली त्याच्या ३५ वर्षे आधी. त्या बायकांनी आपापल्या गावांतील मायलेकरांचे जीव वाचवले आणि ते पाहायला जगभरातून डॉक्टर जामखेडला आले.

सरकारी सोयींची माहिती थोडक्यात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत डॉक्टरांकडून गरोदर बायकांची मोफत तपासणी होते, चौथ्या महिन्यापासून जरूर जावे. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, जेवण आणि ने-आण २०११ च्या योजनेनुसार मोफत आहे. पात्र कुटुंबांना मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५ हजार, आणि दुसरी मुलगी झाली तर ६ हजार रुपये मिळतात. अर्ज अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे. नोकरी करणाऱ्या भगिनींना पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २०१७ पासून २६ आठवड्यांची पगारी रजा आहे.

आठवा महिना लागला की घरात एकदा बसून ठरवावे. कुठल्या दवाखान्यात जायचे, रात्री गाडी कोणाची, रक्त लागले तर कोण देईल, मोठे मूल असेल तर त्याच्याजवळ कोण थांबेल. १०८ चा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावा. अंगावरून रक्त गेले, पाणी गेले, ताप आला, डोके ठणकले, अंधारी आली, झटका आला, किंवा बाळाची हालचाल रोजच्यापेक्षा कमी वाटली तर सकाळची वाट पाहू नये. हालचालीचे बाईला नेमके कळते. "आज ते गप्प आहे" असे ती म्हणाली तर तिचे ऐकावे, 'झोपलं असेल' म्हणून समजूत घालू नये.

१९९८ सालची ती फुलंब्रीकडची बाई दोन वर्षांनी पुन्हा माझ्याकडे आली. दुसऱ्यांदा दिवस राहिले होते. मला वाटले होते ती या दवाखान्याची पायरी पुन्हा चढणार नाही. खुर्चीत बसली आणि काही बोलायच्या आधी तिने उजव्या हाताची बाही वर केली. त्या खेपेला दर पंधरा दिवसांनी तिचा रक्तदाब मी घेतला आणि वहीत लिहिला. मुलगा झाला. तो आता शेंद्र्याला कंपनीत आहे, आणि मागच्या दिवाळीनंतर त्याची बायको माझ्याकडे तपासणीला येऊ लागली आहे. सासूबाई बरोबर असतात. कार्ड त्यांच्याच पिशवीत असते, प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून.

बाळंतिणीचे खाणे, शेक आणि पहिले चिकाचे दूध याबद्दल काही भगिनींनी विचारले आहे. ते पुढच्या आठवड्यात.